घोड्याच्या खुरांचे पोषण

घोड्याच्या खुरांची प्रत टिकवण्यासाठी किंवा सुधारण्यासाठी वैरण, चंदी (घोड्याला दिला जाणारा दाणा) आणि पूरक द्रव्ये यांची केलेली योजना. खुराची बाहेरची भिंत केराटिन या गंधकयुक्त प्रथिनाची असते आणि ती पायावरचे केस जेथे संपतात त्या कडेपासून खाली वाढत येते. ही वाढ महिन्याला साधारणपणे ६ ते १० मिमी. एवढीच असल्याने खुराची पुढची भिंत पूर्ण नवी होण्यास ९ ते १२ महिने लागतात. टाचेकडची भिंत त्याहून लवकर बदलते. एकदा तयार झालेला हा थर निर्जीव असल्यामुळे खुराकाने जुनी भेग सांधली जात नाही. वरून चांगली भिंत उतरत येते आणि भेगाळलेला भाग नालबंदाच्या छाटणीत निघून जातो. पूरक द्रव्य महिनाभर द्यायचे आणि गुण नाही म्हणून बंद करायचे, ही सर्रास आढळणारी रीत त्यामुळे निरर्थक ठरते.

खाण्यातले बदल खुरावर वाचता येतात. वैरण बदलली, आजारपण आले किंवा हिरवा चारा एकदम वाढला की भिंतीवर आडवी वलये उमटतात. ती एकमेकांना समांतर असली तर सहसा काळजीचे कारण नसते. मात्र पुढे जवळजवळ आणि टाचेकडे फाकत गेलेली वलये लॅमिनायटिस होऊन गेल्याची खूण मानतात. या विकारात खुराची भिंत आतल्या हाडाला धरून ठेवणाऱ्या पापुद्र्यांना इजा होते. धान्याच्या कोठीत शिरून घोड्याने भरमसाट दाणा खाणे हे त्याचे एक जुने कारण असून, लठ्ठ घोडे व तट्टे यांच्यात रक्तातील इन्शुलिन वाढल्यानेही तो होतो. अशा जनावरांच्या बाबतीत साखर व पिष्ट कमी करणे हाच खुरांचा पहिला उपचार होय. तेथे डबाबंद पूरकांचा क्रम बराच नंतर लागतो.

खुराकाचा पाया चारा हाच असतो. घोड्याला रोज शरीरवजनाच्या किमान दीड टक्का कोरडा चारा मिळाला पाहिजे. महाराष्ट्रात चंदीत हरभऱ्याला मान आहे. त्यात प्रथिने भरपूर असली, तरी कडधान्यांमध्ये मेथिओनीन हे गंधकयुक्त ॲमिनो आम्ल कमी असते आणि केराटिनच्या घडणीला नेमके तेच लागते. त्याशिवाय हरभऱ्यात पिष्टही पुष्कळ असते. लसूणघासातून प्रथिनांबरोबर कॅल्शियम मिळते. गव्हाच्या कोंड्यात मात्र कॅल्शियमच्या कित्येक पट फॉस्फरस असतो, म्हणून केवळ कोंड्यावर भर दिलेल्या घोड्याची हाडे व खुरे दोन्ही कमकुवत होऊ शकतात.

पूरकांपैकी बायोटिन (जीवनसत्त्व ब-७) याच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा आहे. निरोगी घोड्याच्या मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीव ते तयार करतात, पण ठिसूळ खुरांसाठी त्याहून अधिक मात्रा लागते. व्हिएन्नातील स्पॅनिश रायडिंग स्कूलच्या लिपिझान घोड्यांवरील, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज २० मिग्रॅ. बायोटिन देण्यात आले. सुमारे ९ महिन्यांनी खुरांची प्रत सुधारलेली दिसली, वाढीचा वेग मात्र बदलला नाही. बायोटिनने खूर भराभर वाढतो हा समज त्यामुळे टिकत नाही. मात्रा थांबवल्यावर अनेक घोड्यांची खुरे पुन्हा बिघडतात, हेही अन्य निरीक्षणांत आढळले आहे. तुकतुकीसाठी कच्ची अंडी चारणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की कच्च्या पांढऱ्या बलकातील ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिनला बांधून निकामी करते.

जस्त आणि तांबे यांचा विचार जोडीनेच करावा लागतो. हलक्या कामाच्या ५०० किग्रॅ. वजनाच्या घोड्याला दिवसाला सुमारे ४०० मिग्रॅ. जस्त व १०० मिग्रॅ. तांबे लागते, एकटे जस्त फार वाढवल्यास तांब्याचे शोषण घटते.

सेलेनियमच्या बाबतीत गरज आणि विषबाधा यांतील अंतर फार थोडे आहे. जादा सेलेनियम केराटिनमधील गंधकाची जागा घेते. आयाळ व शेपटीचे केस गळतात, खुरांना वरच्या कडेशी आडव्या भेगा पडतात आणि पराकोटीला खूर गळूनही पडतो. पंजाबात होशियारपूर व नवांशहर भागांतील काही जमिनी सेलेनियमयुक्त असून तेथील चाऱ्याने गाईम्हशींमध्ये हाच विकार आढळलेला आहे. एकाच घोड्याला दोन-तीन कंपन्यांची मिश्रणे देताना लेबलांवरील सेलेनियमची बेरीज करणे म्हणूनच आवश्यक असते. शक्य असल्यास आधी चाऱ्याचीच तपासणी करून घ्यावी.

आहाराच्या आवाक्याबाहेरची कारणेही असतात. पावसाळ्यात चिखल आणि ओल्या लिदीत उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या तळव्याला सड लागते. मोटारगाड्यांना बंदी असलेल्या माथेरानसारख्या ठिकाणी घोडे भर पावसाच्या प्रदेशात दगडधोंड्यांच्या वाटांवर राबतात. त्यांच्या बाबतीत कोरडे ठाण, रोज तळवा खरवडून साफ करणे आणि सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदी यांना कोणतेही पूरक द्रव्य पर्याय ठरत नाही.