मूळगाव-शोध (सोलापूर)

पूर्वज जिथून निघाले त्या गावी जाऊन तिथल्या देवळात, दप्तरात आणि माणसांत आपल्या घराण्याचा माग काढण्याची रीत. बोलताना लोक ‘मूळ गाव बघून येणं’ एवढंच म्हणतात. सोलापूर शहर पोटासाठी आलेल्यांनी वाढवले. जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली, पुढे आणखी गिरण्या आणि हातमाग आले. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरे एकाच पेठेत नांदू लागली. ‘मूळचे कुठले?’ या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे इथे बहुतेकांना शहराबाहेरच शोधावे लागते.

पहिला धागा कुलदैवताचा. गाव सुटून चार पिढ्या झाल्या तरी लग्नानंतर जोडप्याने तुळजापूरला जायचे की बाळ्याच्या खंडोबाला, हे घरात पक्के ठाऊक असते. तुळजापूरचे पुजारी आणि पंढरपूरचे क्षेत्रोपाध्ये यांच्याकडे यजमानांच्या वह्या असतात. आडनाव आणि गाव सांगितले की पान निघते. आडनावावर मात्र फार विसंबू नये. मंगळवेढेकर हे नाव मंगळवेढे सोडल्यावरच चिकटते आणि ते कधी कधी मूळ गाव न दाखवता फक्त शेवटचा मुक्काम दाखवते. पद्मशाली या तेलुगू भाषक विणकर समाजाच्या घरांत गोत्रापेक्षा ‘इंटिपेरु’ म्हणजे घरनाव अधिक उपयोगी, कारण एकच गोत्र कितीतरी गावांत सापडते. त्यांची वाट करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगर या भागांकडे जाते.

अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढे या कन्नड सीमेलगतच्या पट्ट्यात हेळवी हा शोधाचा सर्वात जिवंत आधार आहे. पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घरांच्या वंशावळी सांभाळणे हा त्यांचा व्यवसाय. पूर्वी ते सुगीनंतर बैल घेऊन येत. जाड बांधणीची वही मांडीवर उघडायची, ओळीवर बोट ठेवायचे आणि मूळ पुरुषापासून एका लयीत नावे वाचत खाली यायचे. शेवटच्या नावाशी वाचन थांबते आणि हेळवी विचारतो, ‘यानंतर कोण झालं?’ घरातल्या नव्या बाळाचे नाव तिथेच चढते. धान्य, कापड, रोख अशी बिदागी मिळते. आपल्या घराचा हेळवी हयात असेल तर कचेरीत जाण्याआधी त्याच्याकडे जावे.

कागदांचा प्रश्न इथे विशेष गुंतागुंतीचा आहे. १९४८ पर्यंत सोलापूर मुंबई इलाख्यात, अक्कलकोट संस्थानात आणि तासाभराच्या वाटेवरचे तुळजापूर निजामाच्या राज्यात होते. म्हणून एकाच भावकीचे कागद एका गावी मोडीत, तर शेजारच्या गावी उर्दूत मिळतात. सातबारा आणि फेरफार जमिनीचा प्रवास दाखवतात. माणसाचा प्रवास दिसतो तो गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोकांच्या भाषेत कोतवाल बुकात. जन्म, मृत्यू, बापाचे नाव, जात हे सगळे तिथे असते. तहसीलच्या अभिलेख कक्षात ही पाने हातात घेतली की कडा झडतात, आणि मोडी वाचणारा सोबत नसेल तर नजर नुसतीच फिरते. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीच्या कामातून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी जाणकारांची गरज एकाएकी सगळ्यांना कळली. ती गरज कधीच संपली नव्हती.

या सर्व साधनांत एक मोठी उणीव आहे. वंशावळीत बहुधा पुरुषांचीच नावे चढतात. सून कुठून आली, लेक कुठे दिली, कोणती बहीण प्लेगात गेली, हे आजी आणि आत्याच सांगू शकतात. भाऊबंद तुटले तरी लेकीबाळींची ये-जा टिकते, म्हणून हरवलेले गाव कितीदा आत्याच्या सासरकडूनच सापडते. प्रवासाला निघण्याआधी घरातल्या सर्वात वयस्कर बाईसमोर बसून तिचे बोलणे लिहून घेणे हे या शोधातले पहिले काम मानले पाहिजे. कागद वर्षभर थांबू शकतो.

गावी पोहोचल्यावर वेस, मारुती, चावडी पाहून मंडळी जुन्या पांढरीत, म्हणजे गावच्या जुन्या वस्तीच्या जागेत जातात. घर पडलेले असले तरी जोत्याचे दगड, आड किंवा तुळशीवृंदावन ओळख देते. उजनी धरणात ज्यांची पांढरीच बुडाली, त्या करमाळा-इंदापूरकडच्या घरांना हेही सहज मिळत नाही. नवे गावठाण वर वसले, जुने पाण्याखाली राहिले. उन्हाळ्यात भीमेचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते. तेव्हा म्हातारी माणसे नातवंडांना घेऊन भेगाळलेल्या गाळात उतरतात आणि देवळाकडे तोंड करून आपले घर कुठल्या अंगाला होते ते हाताने दाखवतात.