लसीतून कोरोना झाला? नाही हो!

"लस घेतली आणि चौथ्या दिवशी टेस्ट पॉझिटिव्ह, म्हणजे लसीनेच कोरोना दिला" हे 2021 पासून ऐकतेय, अजूनही लोक तेच बोलतात. अहो, कोव्हॅक्सिनमधला व्हायरस मारलेला होता, आणि कोविशिल्डमध्ये तर कोरोनाचा व्हायरसच नव्हता, चिंपांझीच्या सर्दीचा एक व्हायरस बदलून वापरला होता, तो शरीरात वाढतच नाही. ताप यायचा, हात दुखायचा, ते लसीनेच, ते खरंय.

मग पॉझिटिव्ह का? 2021 च्या एप्रिलमध्ये लाट जोरात होती, काहींना आधीच लागण झालेली असायची आणि काहींना गर्दीत व्हायची. आमच्या सेंटरवर मी स्वतः बघितलंय, टोकनसाठी सगळे एकमेकांना चिकटून उभे, मास्क हनुवटीवर, का तर आता लस मिळतेच आहे ना! पण सुई टोचली की लगेच संरक्षण मिळत नाही हो, शरीराला वेळ लागतो, म्हणूनच 15 ऑगस्ट 2021 पासून मुंबई लोकल सर्वसामान्यांसाठी सुरू केली तेव्हा दुसऱ्या डोसनंतर 14 दिवस झालेले असणं ही अट होती. माझी मावशी पहिल्या डोसनंतर तिसऱ्या दिवशी बारशाला गेली, मास्क पर्समध्ये, आठवड्याभरात घरातले चौघं आजारी, आणि ती दोष आजही लसीलाच देते.