साठ दिवस आणि एक शब्द: व्हर्जिनियाच्या सिनेटरच्या ठरावांमागचा इतिहास

व्हेनेझुएलाविरुद्धच्या लष्करी कारवाईला लगाम घालणारा, व्हर्जिनियाचे डेमोक्रॅटिक सिनेटर टिम केन यांचा ठराव 8 जानेवारी 2026 रोजी अमेरिकी सिनेटमध्ये 52 विरुद्ध 47 मतांनी पुढे सरकला. सहाच दिवसांनी तो 51 विरुद्ध 50 मतांनी बारगळला, तेही उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मताने. ठराव चूक की बरोबर यावर ते मतदान नव्हतेच. सध्या तिथे ‘होस्टिलिटीज’ (ढोबळमानाने, लष्करी शत्रुत्वाची स्थिती) चालू नाहीत, म्हणून ठराव तातडीने मतदानाला घेण्याचे प्राधान्य मिळत नाही, एवढाच मुद्दा होता.

हा शब्द समजल्याशिवाय केन यांची गेल्या काही वर्षांची धडपड समजत नाही. मराठीत आपण सरसकट ‘युद्ध’ म्हणून मोकळे होतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. ‘युद्ध’ हा घोषणेचा शब्द आहे, आणि तशी औपचारिक घोषणा अमेरिकेने जून 1942 नंतर केलेली नाही. 1973 चा युद्धाधिकार कायदा राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार झुगारून मंजूर झाला, तेव्हा व्हिएतनामचे व्रण ताजे होते. सैन्य होस्टिलिटीजमध्ये उतरवल्यास 48 तासांत संसदेला कळवायचे आणि संसदेची मंजुरी नसेल तर 60 दिवसांत, फार तर आणखी 30 दिवसांत, ते मागे घ्यायचे, असे त्यात ठरले. त्या वेळच्या समितीच्या अहवालात नोंद आहे की ‘सशस्त्र संघर्ष’ हा शब्द तोकडा वाटला म्हणून हा अधिक व्यापक शब्द निवडला. एकही गोळी सुटली नसली, पण संघर्षाचा धोका स्पष्ट दिसत असला, तरी ती स्थिती त्यात यावी असा हेतू होता. व्याख्या मात्र कायद्यात लिहिलीच नाही. माझ्या मते 1973 ची सर्वांत महागडी चूक हीच.

तिची किंमत 2011 मध्ये लिबियात कळली. मार्चमध्ये हल्ले सुरू झाले, 20 मे रोजी साठ दिवस भरले, पण विमाने आणि ड्रोन थांबले नाहीत. जूनमध्ये सरकारने संसदेला सांगितले की जमिनीवर सैन्य नाही, अमेरिकी जीवितहानी नाही, चकमक वाढण्याची शक्यता कमी, तेव्हा याला होस्टिलिटीज म्हणता येणार नाही. न्याय खात्यातल्या आणि संरक्षण खात्यातल्या वरिष्ठ वकिलांचे मत वेगळे होते. ते बाजूला ठेवले गेले. जो शब्द व्यापक म्हणून निवडला, तो इथे सुईच्या नेढ्याएवढा झाला. कारण बॉम्ब कोणावर पडतात हा निकषच उरला नाही. आपल्या सैनिकाला धोका आहे का, एवढेच पाहायचे. हे केले ते या सिनेटरच्याच पक्षाच्या सरकारने, आणि हे विसरून आजच्या सरकारकडे बोट दाखवणे प्रामाणिकपणाचे नाही.

2 सप्टेंबर 2025 रोजी कॅरिबियन समुद्रात, अमली पदार्थ नेत असल्याच्या आरोपावरून, पहिली बोट उडवण्यात आली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला साठ दिवस भरले तेव्हा तोच युक्तिवाद परत आला: बोटीवरचे लोक उलट गोळीबार करू शकत नाहीत, म्हणून होस्टिलिटीज नाहीत. व्हेनेझुएलाच्या भूमीवरील कारवाई रोखणारा ठराव 6 नोव्हेंबरला 49 विरुद्ध 51 ने पडला.

ठराव मंजूर झाला तरी तो टिकत नाही, याला 1983 चा एक निकाल कारणीभूत आहे. केनियात जन्मलेल्या भारतीय वंशाच्या एका विद्यार्थ्याच्या हद्दपारीचा तो खटला. सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले की राष्ट्राध्यक्षांकडे न पाठवता संसदेने सरकारचा निर्णय परस्पर रद्द करणे कायदेशीर ठरत नाही. तेव्हापासून असे ठरावही स्वाक्षरीसाठी जातात. याच सिनेटरचा इराणविषयक ठराव 2020 मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि नकाराधिकाराने मेला.

एक काम तडीस गेले. इराकविषयीच्या 1991 आणि 2002 च्या युद्धपरवानग्या रद्द करण्यासाठी सिनेटने 2023 मध्ये 66 विरुद्ध 30 मते दिली, पण दुसऱ्या सभागृहाने, म्हणजे प्रतिनिधीगृहाने, विषय घेतलाच नाही. अखेर डिसेंबर 2025 मध्ये संरक्षणाच्या वार्षिक विधेयकातून त्या रद्द झाल्या.

त्यांची देशांतर्गत लढाईही याच वळणाची आहे. कॅनडा आणि ब्राझीलवरचे आयातशुल्क ‘राष्ट्रीय आणीबाणी’च्या नावाने लावले गेले. 1976 च्या राष्ट्रीय आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेऊन त्यांनी मतदान घडवून आणले. ब्राझीलचा ठराव ऑक्टोबर 2025 मध्ये 52 विरुद्ध 48 ने मंजूर झाला. दुसऱ्या सभागृहाने मात्र अशा ठरावांची मुदत सुरूच होऊ नये म्हणून ठरावीक तारखेपर्यंतचे दिवस ‘दिवस’ म्हणून मोजायचे नाहीत, असा नियम करून ठेवला होता. एकीकडे शुल्कामुळे कॉफी महाग झाली, दुसरीकडे व्हर्जिनियातल्या नॉरफोकच्या नाविक तळावरून जहाजे निघाली, आणि दोन्हींचा भार त्यांच्याच मतदारांवर पडला. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2025 मध्ये सरकारी कामकाज 43 दिवस ठप्प होते. ते उघडण्यासाठी त्यांनी पक्षाची रेषा सोडून मत दिले, कारण त्या काळात नोकरीवरून काढलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना परत घेण्याची तरतूद समझोत्यात आली होती. पक्षातल्या अनेकांना ते रुचले नाही.

2001 मध्ये 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर दिलेली, जेमतेम साठ शब्दांची युद्धपरवानगी अजून लागू आहे. होस्टिलिटीजची व्याख्या कायद्यात घालायची तर त्या विधेयकावरही राष्ट्राध्यक्षांचीच सही लागेल, नाहीतर दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते.