हँडलवरचं जीपीएस

चौकात दुचाकी थांबवून हँडलवरच्या मोबाइलकडे नजर टाकली की नकाशावरचा बाण गिरक्या घेताना दिसतो. त्याचं तोंड कधी मागच्या रस्त्याकडे, तर कधी थेट शेजारच्या इमारतीत. दिवा हिरवा होतो, गाडी दहा-पंधरा मीटर पुढे सरकते आणि बाण शहाणा होतो. बरेच जण याचा दोष नेटवर्कला देतात, पण नेटवर्कचा यात काही हात नसतो.

उपग्रहांच्या मदतीने मोबाइलला आपण कुठे आहोत आणि किती वेगाने कुठे सरकतो आहोत, एवढंच काढता येतं. आपलं तोंड कुठे आहे हे त्यातून कळत नाही. गाडी चालत असताना सरकण्याची दिशा तीच तोंडाची दिशा, असं ते बिनदिक्कत धरून चालतं. गाडी थांबली की हा आधारच जातो. मग मोबाइल आपल्या पोटातल्या होकायंत्राकडे वळतो, आणि ते बापडं लोखंडी हँडल, वायरिंगमधला विद्युतप्रवाह आणि होल्डरमध्ये असलंच तर एखादं चुंबक, यांच्या गराड्यात सापडलेलं असतं.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. ते फक्त बोलतात. आपलं ऐकत नाहीत. 'मी अमुक उपग्रह, या क्षणी इथे आहे, माझ्या घड्याळात इतके वाजलेत' एवढाच त्यांचा संदेश. डोक्यावरच्या उपग्रहाचा संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. तो किती वेळात आला यावरून अंतर निघतं, आणि अशी अंतरं जुळवून जागा. खरं तर त्यासाठी तीन उपग्रह पुरले असते. चौथा लागतो तो मोबाइलमधलं स्वस्त घड्याळ उपग्रहांच्या अणुघड्याळाशी जुळवायला, कारण सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे ३०० मीटरचा घोटाळा. 

हा संदेश आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा इतका क्षीण झालेला असतो की एका वॅटचे एक कोटी भाग करावेत आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा एक अब्ज भाग करावेत, साधारण तेवढीच शक्ती उरते. ती भोवतालच्या विद्युत-गोंगाटाखाली पूर्ण बुडालेली असते. तरी ती ओळखता येते, कारण प्रत्येक उपग्रह १,०२३ चिन्हांची आपली ठरलेली सांकेतिक ओळ सेकंदाला हजार वेळा घोकत असतो. गर्दीच्या कलकलाटात ओळखीची शीळ कानाला सापडते, तसंच हे.

अशा नाजूक पाहुण्याला वाटेत काही आडवं आलेलं चालत नाही. सीटखालच्या डिकीत ठेवलेल्या मोबाइलला वरून सीट आणि तिच्यावर बसलेला माणूस झाकतो, भोवती गाडीचा लोखंडी सांगाडा असतो. खिशातल्या मोबाइलच्या एका बाजूला तर आपणच उभे असतो, आणि माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच. उपग्रहाचा संदेश आणणाऱ्या रेडिओ लहरी पाण्यात झपाट्याने शोषल्या जातात. हँडलवर मात्र डोक्यावर छप्पर नाही, चारी बाजूंनी आकाश. या बाबतीत दुचाकीस्वार चारचाकीवाल्यापेक्षा नशीबवान. उंच इमारतींमधल्या अरुंद गल्लीत ते नशीब आटतं. तिथे भिंतींवर आपटून आलेला संदेश लांबचा वळसा घेऊन पोचतो आणि बाण शेजारच्या गल्लीत जाऊन बसतो.

इथपर्यंत दुचाकी काय आणि मोटार काय, कथा बरीचशी एकच. खरी गंमत सुरू होते ती दुचाकी वळताना कलते तेव्हा.

बोगद्यात शिरल्यावर उपग्रह दिसेनासे होतात. मग मोबाइल अंदाजावर चालतो: शेवटचा वेग एवढा होता, दिशा अशी होती, त्यानंतर आपण किती वळलो? हे वळणं मोजायचं काम त्याच्यातला जायरोस्कोप, म्हणजे तीन अक्षांभोवतीचं फिरणं टिपणारा भाग, करतो. कल्पना जुनी आहे. होंडा कंपनीने १९८१ साली मोटारीत बसवलेलं दिशादर्शक यंत्र उपग्रहांशिवाय, निव्वळ अशाच अंदाजावर चालत असे. पण मोटार वळताना जवळजवळ सपाट राहते. ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी मात्र सुमारे ३० अंश कलते. तिच्याबरोबर जायरोस्कोपचा उभा अक्षही तेवढाच कलतो आणि वळणाचा ८७ टक्केच भाग त्याच्या वाट्याला येतो. बाकीचा भाग दुसऱ्या अक्षावर उमटतो, जणू गाडी नाक वर करते आहे. सबंध वळणभर कल असाच राहिला, तर फक्त उभ्या अक्षावर विसंबलेल्या यंत्राला काटकोनातलं वळण ७८ अंशांचं वाटेल. बारा अंशांची ही चूक घेऊन सरळ अर्धा किलोमीटर गेलं की बाण शंभरेक मीटर बाजूला गेलेला असतो.

मग कल मोजून हिशेब दुरुस्त का करू नये? करतात, पण ते वाटतं तितकं सोपं नाही. स्थिर मोबाइलला 'खाली' कुठे हे त्वरणमापी सांगतो, अगदी ओळंब्यासारखा. वळणावर कललेल्या दुचाकीवर हा ओळंबाच फसतो. गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा बाहेरचा रेटा मिळून जो जोर तयार होतो, तो नेमका गाडीच्या उभ्या रेषेतूनच सीटमध्ये जातो. म्हणून तर मोटारीतल्या माणसासारखा दुचाकीस्वार वळणावर बाजूला ढकलला जात नाही. त्वरणमापीला वाटतं, गाडी सरळ उभी आहे, फक्त आपलं वजन १५ टक्क्यांनी वाढलंय! तोल सांभाळायची जी युक्ती माणूस सायकल शिकताना नकळत आत्मसात करतो, तिनेच यंत्राला चकवलेलं असतं. त्यामुळे कल काढायचा तर जायरोस्कोपच्या तिन्ही अक्षांची सतत बेरीज ठेवावी लागते, आणि त्या बेरजेत बारीक चुका साचत जातात. शिवाय मोबाइल गाडीवर नसतो, हँडलवर असतो. कोंडीतून वाट काढताना हँडल डावी-उजवीकडे झोके घेतं, आणि यंत्राला ती गाडीचीच वळणं वाटू शकतात.

हे सगळं सावरून घेतो तो नकाशा. 'गाडी रस्त्यावरच असणार' असं गृहीत धरून सॉफ्टवेअर बाणाला जवळच्या रस्त्यावर चिकटवतं. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता एकमेकांवर असले की हा उपायही लंगडा पडतो, कारण उंचीचं मोजमाप आडव्या जागेपेक्षा कच्चं असतं. उपग्रह फक्त वरच्याच बाजूला असतात ना. पायाखालून, पृथ्वीच्या पोटातून, कोणी साक्ष द्यायला येत नाही.

जाता जाता वेगाचंही सांगतो. जीपीएस ५५ म्हणतं आणि गाडीचा काटा ६०, अशा वेळी सरळ, एकसारख्या रस्त्यावर बहुधा जीपीएसवर विश्वास ठेवावा. वेग ते बहुधा लहरींच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून काढतं, म्हणजे जवळ येताना आणि दूर जाताना शिट्टीचा सूर बदलतो त्याच न्यायाने, आणि हे मोजमाप फार बारीक असतं. काटा मात्र मुद्दाम थोडा जास्त दाखवणारा असतो: खऱ्यापेक्षा कमी वेग त्याने कधीही दाखवू नये, असा संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांचा दंडक आहे. फक्त ब्रेक दाबल्यावर जीपीएसचा आकडा क्षणभर मागे राहतो.

आता हादरे. मिनिटाला ६,००० फेरे घेणाऱ्या सिंगल सिलिंडर इंजिनातला पिस्टन सेकंदाला शंभर वेळा खाली-वर होतो आणि त्याचा थरकाप थेट हँडलपर्यंत पोचतो. लहरी ऐकणाऱ्या चिपचं त्याने काही बिघडत नाही. बिघडतो तो कॅमेरा, जो त्या वेळी वापरातही नसतो! हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून बऱ्याच मोबाइलमध्ये कॅमेऱ्याचं भिंग नाजूक स्प्रिंगांवर तरंगत ठेवलेलं असतं आणि चुंबकांच्या जोरावर सरकवलं जातं. शक्तिशाली इंजिनांच्या मोटरसायकलींची कंपनं या रचनेला बाधतात, असा इशारा ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला. मोपेड, स्कूटर आणि विजेच्या गाड्यांची कंपनं तुलनेने सौम्य असतात, तरी त्यांच्यासाठीही कंपनं शोषणारा होल्डर वापरावा असं त्यात म्हटलं होतं. असा होल्डर निवडताना रबर दिसलं म्हणजे झालं असं नाही. रबराची स्वतःची झुलण्याची लय इंजिनाच्या कंपनांपेक्षा बरीच संथ हवी. दोन्ही लयी जुळल्या तर होल्डर हादरा कमी करण्याऐवजी वाढवतो, योग्य वेळी ढकललेल्या झोक्यासारखा. आरशाच्या दांड्याला लावलेल्या लांब हाताच्या होल्डरवर मोबाइल नुसता नाचतो, तो बहुधा याच कारणाने.

ऊन आणि पाऊस यांचाही त्रास वेगळाच. पूर्ण उजेडातली स्क्रीन, चालू चार्जिंग आणि डोक्यावर ऊन असा तिहेरी ताप झाला की बॅटरी वाचवायला मोबाइल आधी स्क्रीन मंद करतो, म्हणजे नेमका उजेड हवा तेव्हाच. पावसाचा थेंब स्क्रीनला बोटासारखा भासतो आणि नकाशा आपोआप दुसरीकडे सरकतो. उलट साध्या हातमोज्यातलं खरं बोट तिला जाणवतच नाही.

ताशी ६० किलोमीटर वेगात दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिलं की ३३ मीटर रस्ता न बघता मागे जातो. म्हणून वळणाची सूचना हेल्मेटमधल्या छोट्या स्पीकरवर ऐकणं बरं, तेही इतर वाहनांचे भोंगे ऐकू येतील इतक्या हळू आवाजात. मात्र बरेच मोबाइल आपली जागा सेकंदाला एकदाच ताजी करतात, आणि तेवढ्यात या वेगाने गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते. पाठोपाठच्या दोन गल्ल्यांमध्ये यापेक्षा कमी अंतर असेल, तर 'आता डावीकडे' म्हणजे पहिली की दुसरी, ते रस्ता बघूनच ठरवावं लागतं.

आणि एखाद्या दिवशी स्क्रीन काळीठिक्कर दिसली, तर मोबाइल बंद पडला असं समजण्याआधी चष्मा काढून पाहावा. स्क्रीनमधून येणारा प्रकाश एकाच प्रतलात कंप पावत असतो आणि पोलराइज्ड चष्म्याची काचही एकाच प्रतलातला प्रकाश आत सोडते. दोन्ही प्रतलं एकमेकांना काटकोनात आली की सगळा प्रकाश अडतो. मोबाइल उभ्याचा आडवा केला की नकाशा पुन्हा दिसू लागतो.