हवा काढली, पण स्प्रिंगचं काय?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतलं, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतलं छोटं वर्कशॉप. ऐन पावसाळ्यात एक बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे आतला भोकाचा गोळा फिरवून पाइप उघडणारी-बंद करणारी झडप, दुरुस्तीला आला होता, डोक्यावर ॲक्च्युएटर, म्हणजे हवेच्या जोरावर व्हॉल्व्ह फिरवणारा ॲल्युमिनियमचा डबा. तक्रार एका ओळीची: बंद होत नाही. आमच्या पोरानं पाना उचलला आणि बाजूच्या झाकणाचा पहिला बोल्ट धरला. "हवा काढी लीधी छे," असं वर सांगूनही टाकलं. ते खरंच होतं, नळी काढलेली होती. दांडिया बाजारातून सायकलवर येणारे आमचे जुने फिटर काका चहाचा कप घेऊन जवळ आले, डब्यावरची, व्हॉल्व्ह उघडा की बंद ते दाखवणारी पिवळी खूण बघितली आणि म्हणाले, "थांब रे. हा अजून उघडाच आहे."

काकांना एका नजरेत काय दिसलं, ते कळायला डब्याच्या आत डोकावायला हवं. आत समोरासमोर दोन पिस्टन असतात. त्यांच्या दातेरी पट्ट्या मधल्या दातेरी दांड्याला भिडलेल्या. मधे हवा भरली की पिस्टन बाहेर सरकतात, दांडा पाव फेरा फिरतो, त्याच्याबरोबर खालचा बॉल. पिस्टनच्या पाठीशी दोन्ही झाकणांत स्प्रिंगा असतात. हवा गेली की त्या पिस्टनला आत ढकलतात आणि व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. 1965 साली सुरू झालेली कोयलीची रिफायनरी घ्या किंवा आजूबाजूचे रसायनांचे कारखाने, असे डबे तिथे जागोजागी दिसतील. हवेनं ठिणगी पडत नाही, आणि वीज किंवा कॉम्प्रेसर गेला तरी स्प्रिंग आपलं काम करते.

ट्रक आणि बसच्या पार्किंग ब्रेकचंही तेच. ब्रेक सोडायला हवा लागते, लावते ती स्प्रिंग. डेपोत गाडी उभी करताना 'फुस्स' ऐकू येतं, ते हवा निघून स्प्रिंग मोकळी सुटल्याचं. तो ब्रेक चेंबर कसाही उघडायला गेलेल्या मेकॅनिकांचे जीव गेले आहेत.

जोर किती? 80 मिलिमीटरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण 50 चौरस सेंटिमीटर. प्लांटच्या भाषेत 'सहा किलो' प्रेशर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 6 किलो. गुणाकार 300 किलो, गव्हाच्या 50 किलोच्या सहा गोण्या, आणि तेही एका पिस्टनवर. स्प्रिंगचा जोर याहून कमी, नाहीतर हवेला ती दबलीच नसती. पण तोंडासमोर झाकण उडवायला तो भरपूर झाला.

आता त्या खुणेकडे. हवा नसताना ती 'बंद' दाखवायला हवी होती. दाखवत होती 'उघडा'. याचा अर्थ बॉल आतल्या घट्ट झालेल्या मालात रुतला होता आणि स्प्रिंगा त्याला फिरवायला पूर्ण ताकदीनिशी रेटत होत्या. डबा गप्प होता, थंड होता आणि भरलेल्या बंदुकीसारखा होता. बऱ्याच बनावटीत झाकणाचे बोल्ट मुद्दाम लांब देतात, आटे सुटण्याआधी स्प्रिंग सैल व्हावी म्हणून. पण तो हिशोब डबा 'बंद' स्थितीत असताना बसतो. 'उघडा' असताना स्प्रिंग आणखी आखडलेली असते, बोल्ट संपतो, ताण संपत नाही.

मग काकांनी जे केलं ते पोराला उलटंच वाटलं. त्यांनी हवा परत जोडली. रेग्युलेटर हळूहळू फिरवत प्रेशर वाढवलं, स्प्रिंगचा भार बॉलवरून उतरून हवेवर येईपर्यंत. मग ॲक्च्युएटर आणि व्हॉल्व्ह जोडणारे ब्रॅकेटचे बोल्ट खोलले. (ब्रॅकेटचेच! शेजारी ग्लँडचे, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीची गळती रोखणाऱ्या भागाचे नट असतात. लाइनवर घाईत ते सैल केले तर आतला माल अंगावर येतो. म्हणून प्लांटमध्ये आधी लाइन बंद आणि रिकामी करायची, कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात.) डबा उचलून बाजूला ठेवला आणि मगच हवा सोडली. मोकळा दांडा सर्रकन पाव फेरा फिरला. बॉल आत कुठवर आलाय हे बोट घालून चाचपायची काहींना खोड असते. तो बॉल असा फिरला असता तर बोट गेलंच.

पुढचं काम संथ. नळी काढायची, झाकणाचे बोल्ट आळीपाळीनं, समोरासमोरचे, एकेक फेरा. आत ग्रीस ताकासारखं पांढरं झालेलं आणि स्प्रिंगांवर तांबेरा. पावसाळ्यातली, 30 अंशांची, 80 टक्के दमट हवा सात घनमीटर घ्या आणि सहा किलोला दाबून एक घनमीटर करा. गार झाल्यावर त्यातून सुमारे 140 ग्रॅम पाणी सुटतं. हवा सुकवणारा ड्रायर बंद, फिल्टरमधलं पाणी सोडायचा ड्रेन कुणी उघडत नाही, मग ते जाणार कुठे? ओ-रिंगा, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्या, नव्या घातल्या, ग्रीस मात्र डबा बनवणाऱ्या कंपनीनं सांगितलेलंच. हाताला लागेल ते ग्रीस भरलं तर रबर फुगू शकतं.

स्प्रिंगा टेबलावर उभ्या केल्या तेव्हा त्या झाकणातल्या जागेहून बोटभर लांब भरल्या. पोरानं एक उचलली, दोन्ही तळव्यांत धरून दाबून बघितली. मग टेबलावर ठेवून वर अंगाचा भार टाकला. ती जेमतेम दोन आटे बसली.