छान शिकवलं, पण शिकले किती?

‘आवाज येतोय का? स्क्रीन दिसतेय का?’ २०२० च्या पावसाळ्यापासून पुढची दीडेक वर्षं आपल्याकडच्या बहुतेक प्राध्यापकांचा तास या दोन प्रश्नांनी सुरू व्हायचा. समोर साठ-सत्तर काळे चौकोन, प्रत्येकात नावाचं आद्याक्षर. कोणीतरी चॅटमध्ये ‘येस सर’ टाकायचं आणि शिकवणं चालू. त्या काळाचा विषय निघाला की प्राध्यापकांची एक तक्रार हमखास येते: चेहरेच दिसत नव्हते हो, पोरांना कळतंय की डोक्यावरून जातंय हे समजायला काही मार्गच नव्हता.

तक्रार खरी आहे. पण चेहरे दिसत होते तेव्हा ते समजत होतं, हे तिच्यात धरून चाललेलं आहे. हे गृहीतक प्रयोगाने तपासलं गेलंय आणि निकाल आम्हा शिकवणाऱ्यांना फारसा सुखावणारा नाही.

हार्वर्ड विद्यापीठात लुई देलॉरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमात हा प्रयोग केला; तो २०१९ मध्ये, म्हणजे करोनाच्या तोंडावर प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांचे दोन गट केले. विषय तोच, स्लाइड्स त्याच, हातात दिलेला कागदही तोच. एका गटात अनुभवी प्राध्यापकाने उदाहरणं नीट, टप्प्याटप्प्याने सोडवून दाखवली. दुसऱ्या गटात तीच उदाहरणं आधी विद्यार्थ्यांनी लहान गटांत बसून स्वतः झटापट करून पाहायची आणि मग प्राध्यापकाने उत्तर उलगडायचं. पुढच्या विषयाला गटांची अदलाबदल केली. प्रत्येक तासानंतर छोटी चाचणी घेतली आणि ‘आज तुम्ही किती शिकलात असं वाटतं?’ हेही विचारलं.

चाचणीत जास्त गुण मिळाले ते झटापट करणाऱ्यांना. ‘आज खूप शिकलो’, ‘सर फार छान शिकवतात’, ‘सगळे विषय असेच शिकवावेत’ असं मात्र म्हटलं ते नुसतं ऐकत बसलेल्यांनी. जिथे शिकणं जास्त झालं, तिथे शिकल्याची भावना कमी होती.

असं का व्हावं? सराईत माणूस एखादं गणित फळ्यावर सोडवतो तेव्हा प्रत्येक पायरी ओळखीची वाटते. मेंदू ‘हो, बरोबर’ म्हणत राहतो आणि ही ओळख म्हणजेच समज असं आपण धरून चालतो. परीक्षेत मात्र कोणी पायरी दाखवत नाही, ती आठवून मांडावी लागते. ओळखणं आणि आठवणं ही मेंदूची वेगवेगळी कामं आहेत आणि पहिल्याचा सराव दुसऱ्याला फारसा उपयोगी पडत नाही. आईला वर्षानुवर्षं पोळ्या लाटताना पाहिलेल्या माणसाचीही पहिली पोळी भारताच्या नकाशासारखीच होते.

अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात शॅना कार्पेंटर यांनी २०१३ मध्ये हाच भ्रम एका मिनिटाच्या व्हिडिओत पकडला. विषय गमतीचा होता: काळे, नारिंगी आणि पांढरे ठिपके असलेल्या मांजरी जवळपास सगळ्या माद्याच का असतात? (काळ्या-नारिंगी रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. मादीत दोन एक्स असतात आणि प्रत्येक पेशीत त्यातला एक बंद पडतो, म्हणून ठिपके.) एका व्हिडिओत शिकवणारी व्यक्ती ताठ उभी, नजरेला नजर देऊन ओघवतं बोलते. दुसऱ्यात तीच व्यक्ती तोच मजकूर खाली मान घालून, कागदात बघत अडखळत वाचते. पहिला व्हिडिओ पाहिलेल्यांनी आपल्याला बरंच आठवेल असा अंदाज दिला. प्रत्यक्षात दोन्ही गटांना जवळपास सारखंच आठवलं. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाच्या फॉर्मवर एखाद्याची बढती अडवणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा वाचावा.

त्याआधी २०११ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात याहून धाडसी तुलना झाली होती. तिच्यामागे कार्ल वायमन होते. २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळाल्यावर ‘आता शिकवण्याचंच विज्ञान करू’ म्हणत ते या वाटेला लागले. सुमारे २७०-२७० विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या घेतल्या. एका तुकडीला विद्युतचुंबकीय लहरी शिकवल्या विद्यार्थ्यांत लोकप्रिय असलेल्या अनुभवी प्राध्यापकाने, व्याख्यान देऊन. दुसरीला शिकवलं दोन नवख्यांनी, पण घरून वाचून येणं, वर्गात प्रश्न, शेजाऱ्याशी चर्चा आणि लगेच खुलासा अशा पद्धतीने. आठवड्यानंतरच्या चाचणीत व्याख्यानवाल्यांना सरासरी ४१ टक्के, नवख्यांच्या तुकडीला ७४ टक्के. नुसते अंदाजपंचे टिकमार्क केले असते तरी २३ टक्के मिळाले असते, म्हणजे त्या ४१ ची खरी किंमत काय ते बघा.

प्रयोग एकाच आठवड्याचा आणि चाचणीही लगेचची, त्यामुळे तेवढ्यावर निवाडा करू नये. पण २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३४ टक्क्यांच्या आसपास निघालं, विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २२ च्या आसपास.

‘अमेरिकेत ठीक आहे, आमच्याकडे एका वर्गात शेकड्याने पोरं असतात,’ हा आक्षेप मी स्टाफरूममध्ये इतक्यांदा ऐकलाय की त्याचं उत्तर पवईचंच द्यावं. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या अभ्यासक्रमाच्या भल्यामोठ्या वर्गात एक साधी युक्ती वापरली. आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करून कागदावर लिहायचं, मग शेजाऱ्याशी ताडून बघायचं, मग सगळ्या वर्गात चर्चा. निरीक्षक वर्गात बसून कोण काय करतंय याची नोंद ठेवत होते. या कामाच्या वेळात सरासरी ८३ टक्के विद्यार्थी खरोखर कामात गुंतलेले आढळले. त्यांनी हे प्रसिद्ध केलं २०१३ मध्ये. त्यासाठी ना गोल टेबलं लागली ना स्मार्ट बोर्ड. लागला तो नीट घडवलेला प्रश्न.

आता करोनाकडे परत येऊ. २०२० च्या मार्चमध्ये कॉलेजं बंद झाली तेव्हा पडद्यावरून शिकवण्याचं बरंचसं ज्ञान आधीच जमा होतं. एडेक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या लाखो व्हिडिओ-सत्रांची नोंद तपासून २०१४ मध्येच लिहून ठेवलं होतं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नाहीत. हार्वर्डच्या कार्ल श्पुनार आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं होतं की ऑनलाइन व्याख्यानाचे तुकडे करून मधेमधे छोटे प्रश्न विचारले, तर मन भरकटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाला तर १९८९ पासून दूरवरच्या विद्यार्थ्यासाठी अभ्यासक्रम रचण्याची सवय होती. पण आम्ही काय केलं? ४८ मिनिटांचा तास होता तसा उचलला आणि कॅमेऱ्यासमोर ठेवला. घाईत दुसरं सुचणं कठीण होतं, हे मान्य. विद्यार्थी एका मोबाइलवर दोन भावंडांचे तास भागवत होते, नेटपॅक संपत होते, कोणी रेंजसाठी गच्चीवर जात होतं. पण वर्ग पुन्हा भरल्यावरही तोच तास तसाच परत आणला, त्याला घाईचं कारण नव्हतं.

एका बाबतीत मात्र महासाथीने प्रत्यक्ष हजेरीची किंमत नेमकी दाखवून दिली. रसायनशास्त्राची साधी टायट्रेशन, म्हणजे आम्लाचं प्रमाण मोजण्याचा प्रयोग घ्या. फ्लास्कमध्ये आम्ल, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, वर ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली कॉक (तोटी) असलेल्या मोजनळीत, सोडियम हायड्रॉक्साइड. एका हाताने कॉक, दुसऱ्याने फ्लास्क फिरवायचा. गुलाबी झाक येते आणि विरते, येते आणि विरते. ती विरायला वेळ लागायला लागला की कॉक जवळजवळ बंद करायचा आणि टोकाला लोंबकळणारा अर्धा थेंब फ्लास्कच्या काचेला टेकवून आत घ्यायचा. फिका गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला तर रीडिंग; गडद झाला तर हात पुढे गेला, परत सुरुवात. आभासी प्रयोगशाळेत माउसने हे सगळं करता येतं आणि तत्त्वही समजतं. अर्ध्या थेंबाचा अंदाज मात्र बोटांनाच यावा लागतो. त्या दोन वर्षांत बीएस्सी झालेल्या कित्येकांच्या वाट्याला तो आला नाही आणि पुढे एमएस्सीच्या प्रयोगशाळेत किंवा औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये ते जाणवलं.

माझ्या मते महासाथीनंतरच्या अध्यापनाचा खरा प्रश्न इथे आहे. ऑनलाइन की ऑफलाइन हा वाद मला नेहमी गौण वाटत आलाय. जे ऐकून किंवा वाचून मिळतं ते घरी मिळू शकतं. साठ माणसं एका छताखाली येतात तो वेळ महागडा आहे. तो चुका करायला, वाद घालायला, हात बसवायला वापरायचा, की पीपीटी वाचून दाखवायला?

उत्तर सगळ्यांना माहीत असतं, वर्गात ते उतरत नाही. प्राध्यापक प्रशिक्षणाची गोची इथेच आहे. अमेरिकेत डायन एबर्ट-मे आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जीवशास्त्राच्या प्राध्यापकांच्या कार्यशाळांचा पाठपुरावा केला. चांगल्या, अनेक दिवसांच्या, नावाजलेल्या कार्यशाळा होत्या. नंतर विचारलं तेव्हा दहातल्या जवळपास नऊ जणांनी सांगितलं की आम्ही शिकवण्याची पद्धत बदलली. मग त्यांच्या तासांचे व्हिडिओ पाहिले. तीन चतुर्थांश लोक पूर्वीसारखंच व्याख्यान देत होते. खोटं कोणी बोलत नव्हतं. बदललोय असं त्यांना मनापासून वाटत होतं. विद्यार्थ्याला शिकल्याचा भास होतो, तसाच प्राध्यापकालाही होतो.

आपल्याकडे १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं आली, पुढे त्यांची मनुष्यबळ विकास केंद्रं झाली आणि २०२३ मध्ये मालवीय मिशनच्या नावाने नवा आराखडा आला. ओरिएंटेशन, रिफ्रेशर, एफडीपी (फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम) असे प्रशिक्षणवर्ग बढतीला लागतात, त्यामुळे ते केले जातात. २०२० च्या मे-जूनमध्ये तर वेबिनारचा असा पूर आला की सकाळी एक, दुपारी एक, शेवटी गूगल फॉर्म भरला की संध्याकाळपर्यंत ई-प्रमाणपत्र मेलवर. त्यातली काही सत्रं उत्तम होती. पण विद्यार्थ्यांनी म्यूट करून झोपू नये असं सांगणारी सत्रं प्राध्यापक म्यूट करून ऐकत होते, हेही तितकंच खरं.

मग कशाने फरक पडतो? एबर्ट-मे यांच्याच गटाने पुढे वेगळं करून पाहिलं. पीएचडी नुकतीच संपलेल्या, अजून कायम नोकरीत न लागलेल्या संशोधकांना दोन वर्षांसाठी घेतलं. भाषणांवर भर न ठेवता त्यांच्याकडून एक आख्खा अभ्यासक्रम रचून घेतला आणि तो प्रत्यक्ष शिकवायला लावला. तासांचं चित्रण झालं, त्यावर चर्चा झाली. ही मंडळी खरोखर वेगळी शिकवू लागली आणि पुढे प्राध्यापक झाल्यावरही ती सवय बऱ्यापैकी टिकली. म्हणजे उपाय भाषणांहून खर्चिक आणि वेळखाऊ आहे. प्राध्यापकानेही ऐकून न शिकता करून, चुकून, कोणीतरी पाहून शिकायला हवं.

यातलं ‘कोणीतरी पाहून’ आपल्याकडे अवघड जातं. कॅनडा-अमेरिकेतल्या विद्यापीठांत यासाठी एक साधा तक्ता वापरतात. सहकारी मागच्या बाकावर बसतो आणि दर दोन मिनिटांनी खुणा करतो: शिक्षक बोलतोय, फळ्यावर लिहितोय, प्रश्न विचारतोय, विद्यार्थी ऐकतायत, गटात बोलतायत, उत्तर देतायत. चांगलं-वाईट असा शेरा नाही. तो भरायला शिकायला एक-दोन तास पुरतात. तास संपल्यावर कागद हातात पडला की ‘मी तर खूप प्रश्न विचारतो’ म्हणणाऱ्याला दिसतं की ४८ पैकी ४० मिनिटं आपणच बोलत होतो. आपल्याकडे मात्र मागच्या बाकावर कोणी येऊन बसलं की ती तपासणीच वाटते. प्राचार्य तरी असणार, नाहीतर कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकची तयारी. दोन मित्रांनी आपसांत ठरवून, कागद कोणालाही न दाखवण्याच्या बोलीवर, एकमेकांचे तास पाहिले तर ही भीती बरीच कमी होईल.

पण राज्यातल्या कित्येक महाविद्यालयांत ज्यांच्यावर शिकवण्याचा मोठा भार आहे, त्यांच्यापर्यंत ही चर्चा पोचतच नाही. ते आहेत तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. घेतलेल्या तासाचे पैसे. आयआयटीच्या वर्गात कामाला आला तसा एक धारदार प्रश्न घडवायला एखादी संध्याकाळ सहज जाते, सहकाऱ्याचा वर्ग बघायला एक तास जातो, आणि मानधनाच्या बिलात या दोन्हींसाठी रकाना नाही. प्रशिक्षणाचा निधी कुठे घालावा असं विद्यापीठाने विचारलं, तर पुढचा ऑनलाइन कोर्स काढण्याआधी मी तो रकाना मागेन.