बटणांच्या फोनमधली नावं, नंबर आणि बाकीच्या गोष्टी
(आमच्याकडून दुरुस्त केलेला जुना फोन घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

फोन नेल्यावर दुसऱ्याच दिवशी परत येणाऱ्या ग्राहकाची तक्रार बहुधा एकच असते: ‘आमचे सगळे नंबर गेले.’ नंबर सहसा गेलेले नसतात, ते दुसरीकडे कुठेतरी असतात. म्हणून या पत्रकात नावांच्या यादीला जास्त जागा दिली आहे. टॉर्च कुठून लागतो ते तुम्हाला आमच्याशिवायही सापडेल.

सिम टाकण्याआधी

हे फोन टूजी, म्हणजे मोबाइलच्या जुन्या, दुसऱ्या पिढीच्या नेटवर्कवर चालतात. काही देशांत टूजी बंद झालं आहे. ऑस्ट्रेलियात एका मोठ्या कंपनीने ते २०१६ च्या डिसेंबरमध्येच बंद केलं. तुमच्या सिमच्या कंपनीचं टूजी चालू आहे ना, हे आधी विचारून घ्या. ते नसेल तर फोन कितीही चांगला असला तरी रेंज येणार नाही आणि त्यावर आमच्याकडे इलाज नाही.

सिमची जागा बॅटरीखाली असते. फोन बंद करा, मागचं झाकण काढा, बॅटरी काढा. सिमची सोनेरी बाजू खाली आणि कापलेला कोपरा खाचेवरच्या खुणेप्रमाणे ठेवा. ही खाच २५ बाय १५ मिलिमीटरच्या जुन्या सिमसाठी केलेली आहे. आजचं नॅनो सिम त्याहून बरंच लहान असल्यामुळे सोबत दिलेल्या अ‍ॅडॅप्टरमध्ये बसवूनच टाका. रिकामा अ‍ॅडॅप्टर मात्र कधीही आत सरकवू नका. त्याच्या चौकटीत आतल्या बारीक पिना अडकतात आणि ओढून काढताना तुटतात.

फोनने पिन मागितला आणि आठवत नसेल तर अंदाजाने आकडे दाबत बसू नका. ३ वेळा चुकलं की सिम लॉक होतं आणि ८ आकडी पीयूके, म्हणजे सिम उघडायचा कोड मागतं. तो सिमच्या मूळ कार्डावर छापलेला असतो, नाहीतर कंपनीकडून मिळतो. पीयूके १० वेळा चुकला की सिम कायमचं बाद.

नाव नेमकं कुठे सेव्ह होतं

या फोनमध्ये नाव सेव्ह व्हायला दोन जागा असतात: सिम आणि फोनची स्वतःची मेमरी. अगदी सुरुवातीच्या काही फोनांत तर फक्त सिमच. सिमवरची नावं सिमबरोबर जातात, फोनमधली फोनमध्येच राहतात. बहुतेक सगळा घोटाळा या एका वाक्यात आला.

स्मार्टफोनमधून काढलेलं सिम यात टाकलं की यादी रिकामी दिसते, याचंही कारण हेच. स्मार्टफोन नवं नाव बहुतेक वेळा सिमवर ठेवतच नाही. ते इंटरनेटवरच्या खात्यात नाहीतर फोनच्या मेमरीत जातं. अनेक अँड्रॉइड फोनांत नावं सिमवर पाठवायची सोय असते. जुना फोन हातात घेण्याआधी ते काम उरकून टाका. आयफोनला सिमवरची नावं वाचता येतात, सिमवर लिहिता येत नाहीत. आयफोनवाल्यांनी सिम आधी एखाद्या अँड्रॉइड फोनमध्ये टाकून काम करावं, नाहीतर वही घेऊन बसावं. वही वाईट नाही. निम्मे नंबर आता कुणाचे हेच आठवत नाही, हे त्या निमित्ताने कळतं.

सिमवर एका नावासमोर एकच नंबर बसतो. नेहमीच्या सिमवर साधारण २५० नावं मावतात आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं नाव १४ अक्षरांच्या आसपास तुटतं. देवनागरी जिथे चालते तिथे याहूनही कमी अक्षरं मिळतात. फोनच्या मेमरीत नाव लांब लिहिता येतं आणि बऱ्याच मॉडेलांत एका नावाखाली घरचा, ऑफिसचा, मोबाइल असे तीन-चार नंबर ठेवता येतात. फोनमधली नावं सिमवर कॉपी करताना हेच आडवं येतं. एका नावाखाली तीन नंबर असतील तर काही फोन त्याच नावाच्या तीन नोंदी करतात, काही फोन पहिलाच नंबर नेतात आणि बाकीचे गुपचूप सोडून देतात. कॉपी झाल्यावर दोन-चार नावं उघडून बघा. ‘मूळ ठेवायचं की हलवायचं’ असं फोनने विचारलं तर मूळ ठेवा.

नावं कुठली दिसावीत, हे नावांच्या मेनूमधल्या सेटिंगवर ठरतं. तिथे ‘मेमरी इन यूज’ किंवा तशाच अर्थाचं काही असतं आणि त्यात सिम, फोन किंवा दोन्ही असे पर्याय असतात. यादी अचानक रिकामी किंवा अर्धी झाली तर आधी हे सेटिंग बघा. उलट एकच नाव दोनदा दिसत असेल तर ‘दोन्ही’ निवडलेलं आहे आणि ते नाव दोन्हीकडे सेव्ह आहे. त्यात बिघाड काही नाही.

आमचं मत विचाराल तर, ज्यांना फक्त बोलायचं आहे त्यांनी सगळी नावं सिमवर ठेवावीत. फोन पडला, भिजला, बदलला, तरी यादी सिमबरोबर निघते. सिम हरवलं तर मात्र यादीही गेली. कंपनी त्याच नंबरचं नवं सिम देते, जुनी नावं देत नाही.

नंबर कसा लिहावा

प्रत्येक नंबर अधिकच्या चिन्हापासून, देशाच्या कोडसकट लिहा. मग गावी असा की परदेशी, तोच नंबर लागतो. अधिकचं चिन्ह बहुतेक फोनांत * पटकन दोनदा दाबल्यावर येतं, काहींत 0 दाबून धरल्यावर. तेच * आणखी एकदा दाबलं की ‘पी’ हे अक्षर उमटतं. हे फारसं कुणाला माहीत नसतं, पण फार कामाचं आहे. ऑफिसचा मुख्य नंबर, पुढे ‘पी’, पुढे एक्स्टेंशन असं सेव्ह केलं की फोन उचलला गेल्यावर सुमारे ३ सेकंद थांबून एक्स्टेंशनचे आकडे आपोआप जातात.

आलेल्या फोनवर नावाऐवजी नुसता नंबर दिसतोय, किंवा भलत्याचंच नाव दिसतंय? काही जुने फोन पूर्ण नंबर जुळवत नाहीत, शेवटचे सातच अंक ताडून पाहतात. दोन नंबरांचे शेवटचे सात अंक सारखे असले की फोन गोंधळतो. तोच नंबर दोन नावांखाली सेव्ह असेल तरी असं होतं. एक नोंद डिलीट करा.

नाव लिहिताना प्रत्येक बटणावर तीन-चार अक्षरं असतात, हवं ते येईपर्यंत दाबायचं. ‘मोहन’ इंग्रजी अक्षरांत लिहून बघा. एमसाठी ६ एकदा. पुढचं ओ त्याच बटणावर आहे, म्हणून कर्सर पुढे सरकेपर्यंत क्षणभर थांबा, मग ६ तीनदा. एचसाठी ४ दोनदा, एसाठी २ एकदा, एनसाठी ६ दोनदा. मध्ये थांबला नाहीत तर एमचं भलतंच काहीतरी होतं. बहुतेक चुका इथेच होतात. आणि कामाच्या माणसाचं काम आधी लिहा: ‘सुनील प्लंबर’ नको, ‘प्लंबर सुनील’ बरं. नळ गळत असताना सुनील हे नाव आठवेलच असं नाही.

नेहमीचे नंबर २ ते ९ या बटणांवर स्पीड डायलला लावता येतात. नंतर ते बटण दाबून धरलं की फोन लागतो. १ हे बटण व्हॉइसमेलसाठी राखलेलं असतं. शेवटचा नंबर पुन्हा लावायचा तर हिरवं बटण दोनदा दाबा.

इतर थोडं

कीपॅड लॉक: बहुतेक फोनांत मेनूचं डावं बटण, लगेच *. उघडायलाही तेच. लॉक असतानाही ११२ हा तातडीचा नंबर लागू शकतो, बऱ्याच ठिकाणी सिम नसतानाही. त्यामुळे जुना फोन लहान मुलांना खेळायला देताना नुसतं सिम काढून भागत नाही, बॅटरीही काढा.

मेसेज इंग्रजीत १६० अक्षरांचा, देवनागरीत ७० चा. त्यापुढे गेलात तर दोन मेसेजचे पैसे लागू शकतात. पाकिटाचं चिन्ह लुकलुकत राहिलं तर मेसेजची जागा भरली आहे. जुने मेसेज डिलीट केले की अडकलेले नवे येऊ लागतात.

अलार्म बऱ्याच मॉडेलांत फोन बंद असतानाही वाजतो. बॅटरी काढली असेल तर आधी घड्याळ आणि तारीख तपासा. ती चुकीची असली तर अलार्मही चुकीच्या वेळी वाजेल.

लोक म्हणतात फोन लावला आणि तुमच्याकडे रिंगच येत नाही? सायलेंट नाही ना ते बघा. काही फोनांत # दाबून धरलं की चुकून सायलेंट होतो. तसं नसेल तर कुठला तरी डायव्हर्ट, म्हणजे येणारे फोन दुसऱ्या नंबरवर वळवण्याची सोय, लागलेला असू शकतो. ##002# टाइप करून हिरवं बटण दाबा, सगळे डायव्हर्ट रद्द होतात. व्हॉइसमेलही डायव्हर्टवरच चालतं, तेव्हा ते हवं असेल तर पुन्हा लावून घ्या.

*#06# दाबलं की पडद्यावर १५ आकडी आयएमईआय, म्हणजे तुमच्या फोनचा ओळख क्रमांक येतो. तो या पत्रकाच्या मागे लिहून ठेवा, चोरीची तक्रार करताना लागतो. फोन दुरुस्तीला आणाल तेव्हा फोनमधली नावं आधी सिमवर कॉपी करा आणि सिम घरी ठेवा, आम्हाला ते लागत नाही. बॅटरी आणि चार्जर मात्र आणा, निम्म्या वेळा दोष त्यातच निघतो.